बाटली गेली, पिशवी आली

रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. आरेच्या दूधकेंद्रावर पहाटे रांगेत उभं राहणाऱ्या मुंबईकराला हा नियम कुणी शिकवावा लागत नसे. एका हातात दुधाचं कार्ड, दुसऱ्या हातात कालच्या विसळून आणलेल्या काचेच्या बाटल्या. बाटलीच्या तोंडावर ॲल्युमिनियमची पातळ टोपी असे आणि दूध कोणत्या प्रकारचं, ते तिच्या रंगावरून कळे. प्लास्टिकबंदीची भाषा सुरू होण्याच्या कितीतरी आधी या शहरात परत करण्याची एक मोठी व्यवस्था निमूटपणे चालू होती. आपण ती मोडली, आणि मोडताना कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाचे हाल होते. म्हशींचे तबेले भर वस्तीत, दुधात पाणी, आणि तेही गरिबाच्या मुलाला पुरेसं नाही. दारा खुरोडी या अधिकाऱ्याने दोन मार्ग काढले. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्वस्त ‘टोन्ड’ दूध तयार केलं, आणि तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावात आरे दूध वसाहत उभी केली. जवळपास १,२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे, सुमारे १६ हजार जनावरं. १९५१मध्ये तिथल्या दुग्धशाळेचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. १९६३चा मॅगसेसे पुरस्कार व्हर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर खुरोडींनाही मिळाला. आज मात्र त्यांचं नाव मेट्रो कारशेडवरून पेटलेल्या आरेच्या वादातसुद्धा कुणी घेत नाही.

बाटलीचा संसार मात्र जड होता, अगदी शब्दशः. ट्रक दुधाबरोबर काचेचंही ओझं वाहायचा आणि परतीच्या फेरीत नुसती काच. बाटल्या गरम पाण्यात, कॉस्टिक सोड्यात धुवायच्या, फुटलेल्या बाजूला काढायच्या, पुन्हा भरायच्या. पॉलिथिनच्या पिशवीने ही सगळी कटकट एका झटक्यात संपवली. हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागला होता. साठच्या दशकात तुर्भे-ठाणे पट्ट्यात पेट्रोरसायनांचे कारखाने आले आणि पुढे ऐंशीच्या दशकात दुधाच्या पिशवीने बाटलीला हटवायला सुरुवात केली. गृहिणींनीही तिचं स्वागतच केलं. बाटल्या सांभाळायच्या नाहीत, फुटण्याची धास्ती नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

खरं तर प्लास्टिकच्या कुळात दुधाची पिशवी त्यातल्या त्यात गुणी. ती धुऊन, वाळवून रद्दीवाल्याकडे किलोवर विकली जाते. पण कात्रीने कापलेला तिचा इवलासा कोपरा? तो कुठल्याच भंगारवाल्याच्या हाती लागत नाही. तो मोरीतून गटारात जातो.

खोड्या केल्या त्या भाजीवाल्याच्या फुकट पिशवीने. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गटारं तुंबवल्याबद्दल पिशवी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. गुन्हा तिचा होताच, पण एकटीचा नव्हता. तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली जुनी गटारं आणि भराव टाकून आवळलेली मिठी नदी हे आरोपी तिच्या आड लपले. २००६मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राची मर्यादा १९९९मध्ये २० मायक्रॉन होती; ती ४०, ५०, ७५ अशी चढत २०२२अखेर १२०वर पोचली. जाड पिशवीला भंगारात भाव येतो, म्हणून ती उचलली जाते, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ती उचलायची कुणी, हा प्रश्न कचरावेचक बाईच्याच डोक्यावर राहिला.

न उचललेल्या पिशवीचं काय होतं? शिळ्या अन्नासकट गाठ मारून फेकलेली पिशवी गाय गिळते आणि ती तिच्या पोटात साठत जाते. म्हणजे पिशवी थेट गोठ्यात. उरलेली उन्हात, लाटांत झिजून बारीक कण होते. २०२२मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं; १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण निघाले. २०२४मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या धमन्यांमधून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन होतं, म्हणजे पिशवीचाच पदार्थ. ज्यांच्या थरात प्लास्टिक सापडलं, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचं प्रमाण इतर रुग्णांच्या साडेचार पटींच्या आसपास होतं. प्लास्टिकमुळेच हे घडलं, असं यातून सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनीही सांगितलं. पण निश्चिंत राहावं असंही यात काही नाही.

मार्च २०१८मध्ये महाराष्ट्राने मोठी बंदी जाहीर केली. पहिला दंड पाच हजारांचा. त्यातच एक कलम होतं, ज्याकडे दंडाच्या गदारोळात फार कमी जणांचं लक्ष गेलं: दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायची, पिशवी परत आणणाऱ्याला ५० पैसे द्यायचे. आरेच्या रांगेतला नियमच नव्या कपड्यांत आला होता. फरक एवढाच, की तेव्हा रिकामी बाटली दिली नाही तर दूध मिळत नसे आणि आता पिशवी फेकून दिली तर फक्त अर्धा रुपया जातो. तेवढ्यासाठी दुकानापर्यंत कोण जाणार? दूध संघांनीही या योजनेत फार उत्साह दाखवला नाही.

१ जुलै २०२२पासून देशभर प्लास्टिकच्या कानकाड्या, स्ट्रॉ, काटे-चमचे, मिठाईच्या खोक्यावरचं वेष्टन अशा वस्तूंवर बंदी आली. दुधाची पिशवी त्या यादीत नाही. अशा वेष्टनांच्या बाबतीत उत्पादकांनी आपल्या वाट्याएवढं प्लास्टिक गोळा झाल्याची प्रमाणपत्रं दाखवली की कायद्याचं समाधान होतं. गोळा झालेली पिशवी त्यांचीच असावी, अशी सक्ती नाही.