खडखड

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण दोन्ही वेळा मी ढोकीला आमच्या पद्मिनीच्या दरवाज्यात डोकं घालून बसलो होतो. तो वेळ अगदीच वाया गेला असं वाटू नये म्हणून हा लेख.

तर झालं असं. आमच्याकडे १९९१ ची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी ती १९९६ साली सेकंडहॅण्ड घेतली, म्हणजे घरात ती माझ्याही आधी आली. यंदा तिच्या पुढच्या डाव्या दरवाज्यातून आवाज यायला लागला. तिसरा गिअर, तीस-पस्तीसचा स्पीड, की खड्-खड्-खड्. चाळीसच्या वर गेलं की गायब. आई म्हणाली, "विकून टाका आता." तिचंही बरोबर आहे. जुन्या मोटारीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी २०२२ मध्ये ६०० ची ५००० झाली आणि वीस वर्षांच्या वरच्या गाड्यांना २०२५ मध्ये १०,००० झाली. अण्णा काही बोलेनात. मी म्हटलं, विकायची तर विकू, पण आधी आवाज कुठनं येतो ते तर कळू दे.

आमच्या धंद्यात बग शोधायचा तर तो आधी हमखास पुन्हा घडवता आला पाहिजे. मग निम्मं निम्मं करत जायचं. तेरच्या रस्त्याला गाडी मी चालवली आणि अण्णा मागे कान देऊन बसले. काच वर केली, आवाज तसाच. खाली केली, तसाच. त्रिकोणी फ्लॅपला चिकटपट्टी लावली, तसाच. दार उघडून उचलून पाहिलं, बिजागरीत खेळ नाही. लॉकपाशी रबराचा तुकडा घातला, तरी तसाच. म्हणजे जे काही होतं ते दाराच्या पोटात होतं.

इथे थोडा इतिहास. मोटारींचे दरवाजे पूर्वी बैलगाडीसारखे लाकडी सांगाड्याचे असायचे, वरून पत्रा ठोकलेला. ते खडखडत नसत, कुरकुरत. अमेरिकेत एडवर्ड बड नावाच्या माणसाने पूर्ण पोलादी बॉडी काढली आणि १९१४ च्या सुमारास डॉज बंधूंनी ती मोठ्या प्रमाणावर घेतली. कुरकुर गेली, पण दरवाजा झाला पोकळ डबा. आत काच, ती उचलणारा दांडा, लॉकच्या सळ्या, आणि सगळ्याला वाजायला भरपूर जागा. तेव्हापासून मोटारवाले या डब्यात नमदा, रबर आणि डांबराचे तक्ते भरत आले आहेत.

आमचा डबा मूळचा इटलीचा. फियाट ११०० ची ही पिढी तिकडे १९५३ ला आली आणि १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळायला लागली. सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. हीच ती डुक्कर फियाट. आमच्या गाडीचा चेहरा १९६४ च्या 'डिलाइट'चा आहे, पद्मिनी हे नाव पुढे सत्तरच्या दशकात मिळालं. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ ला थांबलं. आपण त्यानंतर आणखी तीस वर्षं तीच बनवत राहिलो.

का? कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. सुरुवातीच्या काळात लक्ष्मणराव फाटकांबरोबर ते रेल्वेची कंत्राटं घ्यायचे, आणि त्यात आमच्या भागातल्या बार्शी लाईट रेल्वेचं कामही होतं. (ती छोटी गाडी २००७-०८ ला ब्रॉडगेज होईपर्यंत चालली. अण्णा तिच्या गोष्टी सांगायला लागले की पद्मिनी विसरतात.) अशा माणसाला १९४० च्या सुमारास मोटारी बनवायच्या होत्या, तर इंग्रज सरकारने दाद दिली नाही. कंपनी उभी राहिली १९४४ ला. १९५३ ला वालचंद गेले. पुढे परवान्यांचं राज्य आलं. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, साठच्या दशकाच्या शेवटी तर किंमतही सरकारच ठरवायला लागलं, आणि ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत. रांगेतल्या माणसाला दार वाजतं की नाही हे कोण विचारतो? सगळा दोष कारखान्याला देतात ते मला पटत नाही, पण सगळा दोष सरकारला देणंही फार सोयीचं आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की दार नुसतं ढकललं तरी लागू शकतं.

असो. दार खोललं. आतली मूठ काढली, काचेचं हँडल काढलं, रेक्झिनचा पुठ्ठा सोडवला. (नव्या गाडीत इथेच दोन प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात आणि नवीन खडखड सुरू होते.) शेजारच्या तेरला उत्खननात थराखाली थर सापडतात, तसंच आत होतं. काचेच्या खोबणीतला मूळचा नमदा नावालाच उरलेला, त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी. लॉकच्या सळीला सुतळी, तिच्यावर पुन्हा इन्सुलेशन टेप. तीस वर्षांत ज्याने ज्याने हे दार खोललं त्याने त्याने हाताला येईल ते घालून आवाज बंद केला होता. तळाशी पाणी जायची भोकं मातीने बुजलेली. मी बॅटरी मारली आणि हात घातला.

चिखलात दहा-अकराचा पाना होता. भोवती कापडाच्या सडक्या चिंध्या. कुणीतरी कापडात गुंडाळलेला पाना आत ठेवून दार बंद केलं होतं. कापड होतं तोवर आवाज नव्हता.

अण्णांना दाखवला तर ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो माझाच हाय."

१९९८ ला काच अडकली म्हणून त्यांनी हे दार खोललं होतं. हाताशी गल्लीतला एक पोरगा होता, बारा-तेरा वर्षांचा, गाड्यांचं वेड असलेला. संध्याकाळी पाना मोजणीत कमी भरला. अण्णांनी चारचौघांत त्याला विचारलं, "तूच नेलास का रं?" तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आता त्याचं येडशीला पंक्चरचं दुकान आहे. अण्णा त्या रस्त्याने शंभरदा गेले असतील, पण त्याच्याकडे हवा कधी भरली नाही. का भरत नाहीत ते मला आजवर माहीत नव्हतं.

मी भोकं मोकळी केली, खोबणीत नवा नमदा बसवला, पत्र्याला आतून डांबराचे दोन तक्ते चिकटवले. खर्च चारशेच्या आत. सायकलची ट्यूब मात्र काढली नाही, चांगली काम करतेय. अण्णांनी तोवर पाना रॉकेलमध्ये बुडवून, घासून, लख्ख केला होता.

रविवारी सकाळी गाडी काढली. तिसरा गिअर, पस्तीस. काही नाही. चेक केलंय म्हटल्यावर मी घराकडे वळवायला लागलो, तर अण्णा म्हणाले, "सरळ घे. येडशीला जाऊ." पाना पेपरात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता.

येताना मागून, डिफरन्शियलमधून, बारीक घूं असा आवाज ऐकू आला. तो बहुतेक आधीपासूनच असावा.