एकच खटला आणि हजारो गिटारी

"येताना एक लॉसूट घेऊन ये ना!"

टोकियोला निघायच्या आदल्या रात्री आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या मित्राचा फोन. सूर असा, की जणू साताऱ्याहून कंदी पेढेच आणायचेत. "लेस पॉल चालेल, बेस चालेल, पण लॉसूटच बघ हां. बाकी फालतू काही नको." बजेट दीड लाख येन, म्हणजे आपले ऐंशी-नव्वद हजार रुपये. पैसे त्याचे, निवड माझी. म्हणजे फसलो तर जन्मभर शिव्या मलाच!

ज्यांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९७० च्या दशकात जपानी कारखान्यांनी गिब्सन आणि फेंडर या अमेरिकन कंपन्यांच्या गिटारींच्या हुबेहूब नकला बनवल्या. त्या इतक्या झकास होत्या की अमेरिकनांनी घाबरून कोर्टात धाव घेतली, अशी दंतकथा आहे. म्हणून त्या 'लॉसूट' गिटारी, खटल्यातल्या गिटारी. आज सेकंडहँडच्या जाहिरातीत हा एक शब्द टाकला की किंमत वर सरकते. गंमत म्हणजे खुद्द जपानी दुकानांत हा शब्द फारसा दिसत नाही. तिथे 'जपान व्हिंटेज' म्हणतात.

खटला झाला होता, नाही असं नाही. पण एकच. २८ जून १९७७ ला गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात एल्गर या कंपनीवर दावा लावला. एल्गर म्हणजे आयबानेझ गिटारींची अमेरिकेतली वितरक. भांडण कशावरून? लाकडावरून नाही, आवाजावरून नाही, अख्ख्या गिटारवरूनही नाही. हेडस्टॉकवरून! गिटारच्या ज्या टोकाला खुंट्या असतात, त्याची वरची कड गिब्सनवर उघडलेल्या पुस्तकासारखी असते. हा आकार आमची ओळख आहे, असं नॉर्लिनचं म्हणणं. आयबानेझने तो आकार दावा लागायच्या आधीच बदलायला घेतला होता. १९७८ च्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी तडजोड केली आणि फाईल बंद. जपानी गिटार चांगली की वाईट, यावर कुठल्याही न्यायाधीशाने चकार शब्द काढलेला नाही.

बरं, पुढची मजा अशी, की ग्रेको, टोकाई, फर्नांडिस, आरिया ही जी नावं आज सर्रास 'लॉसूट' म्हणून विकली जातात, त्यांतलं एकही त्या खटल्यात नव्हतं. आणि ज्या जपानी लेस पॉलसाठी लोक आज जीव टाकतात, त्यातल्या बहुतेक १९७९ ते १९८२ च्या दरम्यानच्या आहेत. म्हणजे खटला मिटल्यानंतरच्या! उलट खटल्याच्या आधीच्या, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या नकला उघडून बघा. खऱ्या लेस पॉलची मान धडात चिकटवलेली असते, यांची सरळ स्क्रूने आवळलेली. वरचा फुगीर भाग दाबून बनवलेल्या प्लायवूडचा, आणि कित्येकदा त्याच्याखाली पोकळी. बोटाने टिचकी मारली तर डबा वाजतो. या मात्र अगदी 'खटल्याच्या काळातल्या'!

इथपर्यंतचं ज्ञान विमानात बसूनच मिळवलं होतं. खरी पंचाईत दुकानात झाली.

टोकियोत ओचानोमिझु नावाचं स्टेशन आहे. बाहेर पडलं की उताराच्या दोन्ही बाजूंना गिटारची दुकानं. आपल्या अप्पा बळवंत चौकात जशी पुस्तकांची, तशीच. (आणखी खाली उतरलं की जिंबोचो लागतं, तिथे खरोखरच पुस्तकांची दुकानं आहेत. मी दोन रविवार जेवायला विसरलो होतो.) एका दुकानात दोन ग्रेको शेजारी शेजारी टांगलेल्या. दोन्ही लेस पॉलच्या आकाराच्या, दोन्ही त्याच लालसर-पिवळ्या सनबर्स्ट रंगात, वयात फार तर तीन-चार वर्षांचा फरक. किंमत मात्र एकीची दुसरीच्या जवळजवळ चौपट. मला तर दोघी जुळ्या बहिणी वाटल्या.

दुकानदाराला माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, का? त्याने भाषण दिलं नाही. फक्त दोन चिठ्ठ्यांवरच्या मॉडेल नंबरांवर बोट ठेवलं. एक ईजी-५००, दुसरी ईजी-१०००.

त्या काळातल्या जपानी कंपन्यांनी एक फार प्रामाणिक गोष्ट करून ठेवली आहे. मॉडेलच्या नावातच किंमत लिहिली आहे! ईजी-५०० म्हणजे ५०,००० येनची गिटार, ईजी-१००० म्हणजे १ लाखाची. टोकाईची एलएस-८० म्हणजे ८०,००० येन. १९८२ मध्ये फेंडर जपान कंपनी निघाली, तिची एसटी६२-११५ म्हणजे १ लाख १५ हजार. आता हा आकडा केवढा? १९८० मध्ये जपानमध्ये नव्या पदवीधराचा पहिला पगार महिना साधारण १ लाख १५ हजार येन होता. म्हणजे वरची गिटार म्हणजे अख्खा पहिला पगार. ५०,००० वाली कॉलेजच्या पोराने सुट्टीत काम करून घ्यायची. कारखाना एक, आकार एक, पण लाकडाची निवड, मान जोडायची पद्धत, पिकअप, रंग, सगळं त्या आकड्याप्रमाणे. फेंडर जपानच्या ११५ वर अमेरिकेतून आणलेले पिकअप आणि जुन्या पद्धतीचं लॅकर. ६५ वर जपानी पिकअप आणि जाड पॉलिएस्टरचा थर. 'जपानी आहे म्हणजे भारी' हे वाक्य खुद्द जपान्यांनाच मान्य नव्हतं, आणि त्यांनी ते गिटारवर लिहून ठेवलं होतं.

अर्थात आकडाही डोळे मिटून वाचायचा नाही. तेलाच्या झटक्यानंतर १९७४ मध्ये जपानमध्ये महागाई २० टक्क्यांहून जास्त वाढली होती. त्यामुळे १९७३ चे ५०,००० आणि १९८० चे ५०,००० यांची तुलना होत नाही. शिवाय मधल्या काळात कारागिरांचा हात सुधारला, तो वेगळाच. आणि सगळ्यात वरच्या मॉडेलांत बराचसा पैसा मेपलच्या वाघासारख्या पट्ट्यांना जातो. दिसतात सुंदर, ऐकू येत नाहीत.

साल कसं ओळखायचं? फुजिगेन कारखान्यातून निघालेल्या आयबानेझ आणि ग्रेको गिटारींवर १९७५ च्या सुमारापासून पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे सालाचे. एफ७८ म्हणजे जून १९७८. त्याआधीच्या बऱ्याचशा गिटारींवर नंबरच नाही. काहींच्या मागे पत्र्यावर 'स्टील ॲडजस्टेबल नेक' असं ऐटीत लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच, की मानेत लोखंडी सळई आहे आणि ती फिरवता येते. हा पत्रा 'दुर्मिळ' म्हणून विकणारे महाभाग मी पाहिले आहेत. :)

आता नावांची गंमत. आयबानेझ हे नाव व्हॅलेन्सियाच्या साल्वादोर इबान्येझ या स्पॅनिश गिटार बनवणाऱ्याचं. ते वापरणारी नागोयाची होशिनो गाक्की ही मुळात १९०८ मध्ये एका पुस्तकाच्या दुकानातला विभाग म्हणून सुरू झालेली. ग्रेको हा टोकियोच्या कांदा शोकाई या व्यापाऱ्यांचा ब्रँड. या दोघांच्या बऱ्याचशा इलेक्ट्रिक गिटारी बनल्या एकाच ठिकाणी, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात. १९६० मध्ये सुरू झालेला. मात्सुमोतोच का? थंड कोरडी हवा, आणि फर्निचरच्या सुतारकामाची जुनी परंपरा. त्याच गावातला दुसरा कारखाना मात्सुमोकु आधी सिंगर शिलाई मशीनची लाकडी कपाटं बनवायचा, मग आरिया, वेस्टोन आणि चक्क एपिफोन बनवू लागला. म्हणजे हेडस्टॉकवरचं नाव बनवणाऱ्याचं नाहीच, ऑर्डर देणाऱ्याचं.

हिंजवडीतल्या बांधवांना काही आठवलं का? कोड आपला, लोगो क्लायंटचा! मिरजेचा तंबोरा घेताना आपल्याकडे जाणकार माणूस आधी कारागीर कोण ते विचारतो. जपानी गिटार घेताना किमान कारखाना तरी विचारावा. माणसाचं नाव कळण्याची शक्यता जवळपास शून्य.

'जुनं ते सोनं' हेही इथे चालत नाही. १९६५ मध्ये व्हेंचर्स या अमेरिकन बँडने जपान दणाणून सोडलं आणि इलेक्ट्रिक गिटारची साथच आली. तेव्हा टेस्को, ग्वायाटोन वगैरेंनी ढिगाने गिटारी काढल्या. चार चार पिकअप, स्विचांची रांग, दिसायला जुन्या रेडिओसारख्या. मला त्या दिसायला जाम आवडतात. पण बहुतेकांच्या माना जाड, खुंट्या सैल, सूर टिकत नाही. त्यांची किंमत त्यांच्या रूपाची आहे, वाजवण्याची नाही. ज्याला भिंतीवर लावायची त्याने जरूर घ्यावी.

आणि १९८० च्या आसपासच्या का चांगल्या? माझ्या मते याचं उत्तर अमेरिकेत आहे. सत्तरच्या दशकात गिब्सन स्वतःच आपल्या १९५९ च्या लेस पॉलपासून दूर गेली होती: थर चिकटवून केलेलं धड, तीन तुकड्यांची मेपलची मान. टोकाई आणि ग्रेकोने समोरच्या दुकानातल्या नव्या गिब्सनची नक्कल केली नाही, त्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या गिब्सनची मापं घेतली. मूळ कंपनी जे विसरली होती ते नकलाकारांनी पाठ केलं. मग १९८५ चा प्लाझा करार झाला. डॉलरमागे २४० च्या आसपास असलेला येन १९८७ च्या अखेरीस १२० च्या घरात आला. निर्यात डॉलरमध्ये जवळपास दुपटीने महागली, स्वस्त गिटारींचं काम कोरियाला गेलं. मात्सुमोकु १९८७ मध्ये बंद पडला. कोर्टाने जे केलं नाही ते विनिमयदराने केलं.

असो. मित्राचा बेस.

बेस बघताना लोगो शेवटी आणि मान आधी. सहा तारांच्या गिटारच्या मानेवर साधारण शंभर पौंडांचा ताण असतो, चार तारांच्या बेसवर दीडशेच्या वर. चाळीस वर्षं हा ताण सोसलेलं लाकूड आहे ते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि मध्ये सातव्या फ्रेटपाशी फट बघायची. कागद जेमतेम सरकेल इतकी असेल तर उत्तम. मग टोकाकडून एक डोळा मिटून बघायचं, मान पिळवटलेली तर नाही ना. मग सळईचा नट अजून फिरतो का ते विचारायचं. जॉन टेलरमुळे गाजलेला आरियाचा एसबी-१००० एका दुकानात बजेटमध्ये मिळत होता. माझे हात शिवशिवले. पण त्याची मान धडातून आरपार जाते, बदलता येत नाही, आणि या बेसची मान किंचित पिळलेली होती. सळई शेवटपर्यंत आवळलेली. स्वस्त का होता ते कळलं.

शेवटी घेतला तो ग्रेको जेबी-४५०, फेंडर जॅझ बेसची नक्कल. ४५,००० येनचं साधं मॉडेल, नंबर एफ७८ पासून सुरू. मागे बेल्टच्या बकलाने पडलेले ओरखडे, एक खुंटी बदललेली. पण मान सरळ, सळईला दोन्हीकडे फिरायला जागा, फ्रेट अजून उंच. निम्म्याहून कमी पैशांत काम झालं.

विमानतळावर घ्यायला आलेल्या मित्राने पार्किंगमध्येच केस उघडली, नंबर बघितला, ओरखड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "भारी आहे रे. पण हा लॉसूट आहे ना?"

मी एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत त्याला वरचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बेसचा फोटो इन्स्टाग्रामवर. खाली लिहिलं होतं, 'माझा लॉसूट, १९७८'.