‘दसरा काढणं’ : एका धुण्याची कुळकथा

भाद्रपदाचा शेवटचा पंधरवडा लागला की सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत बायका एकमेकींना विचारू लागतात, ‘दसरा काढला का गं?’ सण तर अजून लांब असतो, घटसुद्धा बसलेले नसतात. पण त्या भागात ‘दसरा काढणं’ याचा अर्थ सण साजरा करणं असा नाही. घट बसण्याआधी सगळं घर बाहेर काढून धुऊन-पुसून पुन्हा आत लावायचं, याला दसरा काढणं म्हणतात. जळमटं झाडायची, फडताळातली भांडी घासायची, आणि त्यातलं सर्वांत जड काम म्हणजे अंथरूण-पांघरूण. गोधड्या, वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे यांची गाठोडी पूर्वी बैलगाडीतून आणि आता टेम्पोतून नदीवर, ओढ्यावर, पाटावर नाही तर विहिरीवर जातात. दुपारपर्यंत काठावरची झुडपं, दगड, शेताचे बांध वाळत घातलेल्या वाकळांनी रंगून जातात.

ही रीत नेमकी कुणी सुरू केली हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. पण तिच्यातले शब्द आणि तिच्यातली कामं यांचा माग काढला की तिचं कूळ पुष्कळ मागे जातं.

शब्दांपासूनच सुरुवात करू. ‘अंथरूण’ आलं संस्कृत ‘आस्तरण’ या शब्दातून. आस्तरण म्हणजे पसरलेलं. ‘पांघरूण’ हे प्राकृतातल्या ‘पंगुरण’चं रूप. ‘उशी’च्या मुळाशी ‘उच्छीर्ष’ आहे, डोकं उंच ठेवणारी वस्तू. जुन्या लुगड्यांची ‘वाकळ’ कोशकार झाडाच्या सालीच्या वस्त्राशी, म्हणजे ‘वल्कला’शी जोडतात. ‘चादर’ मात्र फारसीतून आली आणि सोलापूरच्या मागांवर इतकी रुळली की आज सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे आपल्या एका बिछान्यात संस्कृत, प्राकृत आणि फारसी शेजारीशेजारी निजतात.

आता कामाकडे. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्यातल्या ‘चुल्लवग्ग’ या भागात, भिक्षूनं राहण्याची जागा कशी राखावी हे बारकाईनं सांगितलं आहे. जमिनीवरचं अंथरूण, गादी, उशी, चटई बाहेर न्यावी, उन्हात घालावी, साफ करावी, झटकावी, पुन्हा आत आणून होती तशी मांडावी. खाट बाहेर नेताना ती दाराच्या चौकटीवर आदळू नये, इथवर सूचना आहेत. त्या अंथरुणाला पालीत शब्द आहे ‘भुम्मत्थरण’. त्यातलं ‘अत्थरण’ म्हणजे आपल्या अंथरुणाचाच सख्खा भाऊ. मुंबईजवळच्या कान्हेरीला इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून लेणी खोदली जात होती. तिथल्या खोल्यांत निजण्यासाठी कोरलेले दगडी ओटे आजही दिसतात. त्या ओट्यांवर जे अंथरलं जाई त्यालाही हाच नियम लागू होता. बाहेर काढणं, ऊन देणं, झटकणं आणि पुन्हा मांडणं ही चार कामं आपल्या मातीत दोन हजार वर्षं तरी ठाऊक आहेत. दसरा काढणाऱ्या बाईच्या हातून तीच चार कामं होतात. तिच्याकडे पाचवं काम आहे ते धुण्याचं.

आणि ते काम सोपं नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली वाकळ भिजली की एकटीला उचलत नाही. आधी ती भिजत घालायची. साबण घरोघर येण्याआधी त्यासाठी राखेचं पाणी नाही तर रिठे वापरत. पुढे धुण्याचा सोडा आला. राख आणि सोडा दोन्ही क्षारयुक्त, त्यामुळे अंगाचा तेलकट मळ सुटतो. मग दगडावर टाकून ती पायांनी तुडवायची, धोपाटण्यानं बडवायची, वाहत्या पाण्यात खळबळायची. शेवटी दोघींनी दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ द्यायचा. दिवसभर पाण्यात राहून बोटं पांढरी पडतात, दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत. देवीच्या स्वागताची ही तयारी शतकानुशतकं बायकांच्या खांद्यांवरच उभी राहिली आहे, हे या कुळकथेत ठळकपणे लिहायला हवं.

हे धुणं याच पंधरवड्यात का? घरातली मोठी माणसं उत्तर देतात, देवी घरात येणार, मग विटाळलेलं काही नको. पुष्कळ घरांत नवरात्रात गादी-पलंगावर न निजण्याचा नेम असतो, तेव्हा बिछाने धुऊन घडी घालून ठेवायला हीच वेळ बरी पडते. पण ऋतूचं कारणही तितकंच बळकट आहे. पावसाळ्याचे चार महिने अंथरूण सुकलेलं नसतं. घरात दमट वास भरलेला असतो, घड्यांच्या आत बुरशीचे काळे ठिपके उमटलेले असतात. भाद्रपद संपता संपता आभाळ उघडतं, ओढ्याचं गढूळ पाणी निवळतं, ऊन कडक होऊ लागतं. शेतात भांगलण उरकलेली असते आणि सुगीला थोडा अवकाश असतो. भरपूर पाणी, भरपूर ऊन आणि मोकळे हात या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणारा वर्षातला हाच पंधरवडा. रीत टिकली ती यामुळे.

कापसाची गादी मात्र धुता येत नाही. तिच्यासाठी पिंजारी होता. संस्कृतात कापूस पिंजायच्या धनुष्याला ‘पिञ्जन’ म्हणत. याच धंद्यावरून पडलेलं दुसरं आडनाव ‘नदाफ’ हे अरबी. त्याचाही अर्थ कापूस पिंजणारा. दाराशी बसून पिंजारी गादी उसवायचा, घामानं आणि दमटपणानं गोळे झालेला कापूस धनुकलीच्या तातीवर धरायचा, आणि त्या टणत्काराबरोबर वर्षाची धूळ उडून कापूस पुन्हा हलका व्हायचा. खोळ धुतलेली, कापूस मोकळा झालेला, वर नवे टाके घातलेले, की गादी नवी झाली. हा टणत्कार आता शहरांतून जवळजवळ लोपला आहे. त्याच्याबरोबर गादीच्या आतली सफाई करणारा माणूसही गेला.

या सगळ्याचं शास्त्रीय कारण पुष्कळ उशिरा कळलं. घरातल्या धुळीनं काहींना शिंका येतात, दमा उसळतो हे वैद्यांना ठाऊक होतं. धुळीतलं नेमकं काय बाधतं ते कळत नव्हतं. १९६४ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि स्पिक्स्मा या संशोधकांनी ते शोधून काढलं. कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा एक जीव धुळीत असतो. त्याला धुळीतला माइट म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्दच ‘कातडी खाणारा’ अशा अर्थाचा आहे. आपल्या अंगावरून रोज गळणारे त्वचेचे सूक्ष्म कण हे त्याचं अन्न, म्हणून त्याचं आवडतं घर म्हणजे आपला बिछाना. तो चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. ती श्वासातून आत जातात.

हा माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली की तो सुकून मरतो. दमट हवेत त्याची पैदास भराभर होते. म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी बिछान्यात तो भरपूर असण्याचा संभव. आपल्या बायका नेमक्या तेव्हाच बिछाने बाहेर काढत आल्या. त्यांना माइट दिसत नव्हता. पण कोंदट अंथरुणात झोप लागत नाही आणि ऊन खाल्लेल्या अंथरुणात लागते, हे त्यांना अनुभवानं कळलेलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पाण्यात धुतल्यास सगळे माइट मरतात. थंड पाण्यानं त्यांची घाण बरीचशी निघते, पण ते स्वतः बहुतेक जिवंत राहतात. १९९४ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की कडक उन्हात पसरून ठेवलेल्या गालिच्यांतले माइट मरून जातात. पण मेलेले माइट आणि त्यांची विष्ठा कापडातच राहते. म्हणून ऊन दिल्यावर झटकणं आणि धुणं चुकत नाही. पाचही कामांना कारण आहे.

मग आज या रीतीचं काय करायचं? एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वर्षातून एकदा धुणं हे वाकळेच्या वजनामुळे आणि पाण्याच्या सोयीमुळे होतं. आता हलकी सुती चादर आहे, पुष्कळ घरांत नळ आणि धुण्याचं यंत्रही आहे. चादर आणि अभ्रे आठवड्याला धुवावेत. घरात दम्याचा किंवा सर्दी-शिंकांचा रुग्ण असेल तर ते साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. गादी, उशी, गोधडी ऊन असेल तेव्हा गच्चीत नाही तर खिडकीत घालावी, दोन्ही बाजूंना ऊन द्यावं, आणि आत आणण्याआधी बाहेरच झटकावी. सकाळी उठल्याबरोबर बिछाना गुंडाळू नये; रात्रीचा घाम सुकू द्यावा. खरुजेचा रुग्ण असेल तर औषधाबरोबर सगळं अंथरूण-पांघरूण त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावं, नाही तर खरूज घरात फिरत राहते.

नदीवर जाणाऱ्यांना एक विनंती. साबणाचं पाणी प्रवाहात सोडू नका. काठापासून दूर धुवा. आणि हे काम घरातल्या एकट्या बाईवर टाकू नका. ओल्या वाकळेला पीळ द्यायला पूर्वीही चार हात लागायचे. त्यातले दोन घरातल्या पुरुषाचे असू द्या.