वाघ आणि गोंडी ‘अ’

ताडोब्याहून परतताना मी गडचिरोलीच्या मित्राला मोबाइलवरून वाघाचा इमोजी पाठवला. कीबोर्डावरचा हसरा चेहरा दाबायचा, प्राण्यांच्या रांगेतला वाघ उचलायचा, झालं! सोबत त्याच्या मायबोलीत, गोंडी लिपीत ‘सेवा जोहार’ लिहिलं. वाघ पोचला. शब्दांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटल्या. मित्र म्हणाला, “जंगल आमचं, पण दिसतो तो वाघच.”

ते मनाला लागलं, म्हणून शोध घेतला. संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकानं ओळखतो. युनिकोडमध्ये देवनागरी ‘अ’ २३०९, गोंडी ‘अ’ ७२९६०, वाघ १२८००५. वेबपान लिहिताना अक्षराऐवजी हा क्रमांक दिला तरी चालतं. युनिकोडच्या आरंभी ६५,५३६ जागा पुरतील असं वाटलं होतं. देवनागरीला त्यांत घर मिळालं. गोंडी आणि वाघ मात्र वरच्या मजल्यावर गेले.

पण एकाच वेळी नाही. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडी लिपी रचली १९१८ साली. शिगेताका कुरिता यांनी जपानच्या डोकोमो कंपनीसाठी १७६ इमोजी काढले १९९९ साली. वाघाला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१० मध्ये, मसराम गोंडीला २०१७ मध्ये. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादेतल्या गुंजाला गावच्या पोथ्यांमधली जुनी गोंडी लिपी आली २०१८ मध्ये.

आता गंमत पाहा. देवनागरी अक्षर सहसा तीन बाइटांत साठवतात. वरच्या मजल्यावरच्याला चार लागतात. मायएसक्यूएलसारख्या प्रणालीची नेहमीची सोय तीन बाइटांपुरतीच होती; चार बाइटांची सोय २०१० मध्ये आली. दुर्मीळ लिप्यांसाठी अशी दुरुस्ती करायची निकड फारशी कुणाला वाटली नसती. पण लोकांचे हसरे चेहरे गायब होऊ लागले, तेव्हा जगभरच्या प्रोग्रामरांना ती करावीच लागली. इमोजीसाठी रुंद झालेल्या त्या वाटेनंच आज गोंडी चालते.

अडतं ते फॉन्ट आणि कीबोर्डापाशी. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषक २९ लाखांहून जास्त होते. तरी गडचिरोलीत आजही अनेक जण गोंडी देवनागरीतच लिहितात. मोफत मिळणारा नोटो फॉन्ट आम्ही मित्राच्या संगणकात बसवला. तोच निरोप पुन्हा उघडला. चौकटींच्या जागी अक्षरं आली. तो बराच वेळ पाहत राहिला. वाघाकडे त्याचं लक्षही नव्हतं.