माझगावातले हबशी आणि किल्ल्यातले इंग्रज

आमच्या जामखेड तालुक्याला लढायांचे अप्रूप नाही. खर्डा आमच्याच तालुक्यातले. 11 मार्च 1795 रोजी पेशवे आणि निजाम यांच्या फौजा तेथे भिडल्या, निजामअलीला खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला आणि दोस्त म्हणवणारे इंग्रज त्याच्या मदतीला आले नाहीत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नगरच्या वाटेला लागले की रस्ता सोडून थोडे आत भातवडी आहे. तेथे 1624 साली मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मुघल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेची दाणादाण उडवली. शहाजीराजे त्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तेथेच पडले. मलिक अंबर जन्माने हबशी. अबिसिनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, अरबांच्या बाजारांतून फिरत दख्खनला आलेला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही हबशीच होता. त्याच मलिक अंबरने पुढे निजामशाही तोलून धरली, जमिनीची प्रतवारी करून शेतसाऱ्याची घडी बसवली आणि 1626 मध्ये तो वारला.

म्हणजे आफ्रिकेतून आलेली माणसे आणि त्यांची सत्ता ही आमच्या परिसराला परकी गोष्ट नाही. तरीही आफ्रिकेचा इतिहास वाचताना आम्ही तो दूरचा म्हणूनच वाचतो. गोरे लोक जहाजांतून येतात, किनाऱ्यावर वखार घालतात, वखारीची वसाहत होते, वसाहतीची सरहद्द सरकू लागते आणि एक दिवस तेथल्या राजाशी गाठ पडते. झुलू लोकांनी 1879 मध्ये इसांडलवाना येथे इंग्रजांची पलटण कापून काढली, 1896 मध्ये अडोवा येथे इथिओपियाने इटलीचा पराभव केला, या हकीकती वाचून अभिमान वाटतो. पण असा एक सामना आपल्या मुंबईत झाला. शिवडी, माझगाव, माहीम, डोंगरी या आपल्या पायाखालच्या जागांवर झाला. तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. आपणही सांगत नाही, याचे आम्हाला जास्त नवल वाटते.

निजामशाहीचे एक टोक आमच्याकडे होते, तर दुसरे कोकणात समुद्रात बुडालेले होते. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी एक बेट आहे. अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, त्याचेच मराठीत जंजिरा झाले. मूळ बेट कोळ्यांचे. राम पाटील नावाच्या कोळी नाईकाकडून निजामशाहीच्या पिरमखानाने ते कपटाने घेतले, अशी कथा आहे. व्यापारी म्हणून आला, दारूची पिंपे उतरवली आणि आत दडवलेली माणसे रात्री बाहेर काढली, असे त्या कथेत सांगतात. पुढे तेथे हबशी अंमलदार आले. 'सय्यदी' शब्दाचे सिद्दी झाले आणि तेच त्यांचे नाव पडले. 1636 मध्ये निजामशाही बुडाली, मालक विजापूरकर झाले. 1670 च्या सुमारास सिद्दी कासीम, सिद्दी संबूल आणि सिद्दी खैरियत यांनी आपल्याच फत्तेखानाला कैद केले आणि मुघलांचे आरमार सांभाळण्याचे काम पत्करले. या आरमाराच्या प्रमुखाला औरंगजेबाकडून याकूतखान हा किताब मिळाला. सुरतेहून हजला जाणाऱ्या जहाजांची राखण आणि त्याबद्दल सुरतेच्या महसुलातून तनखा, असा हा व्यवहार होता.

येथे कोणी म्हणेल की मग हे राज्य कसले, हे तर दिल्लीचे चाकर. आम्हाला तसे वाटत नाही. जंजिऱ्यात कोण बसणार हे दिल्ली ठरवत नव्हती. बराच काळ बापानंतर मुलगा असाही नियम तेथे नव्हता. सिद्दी सरदार एकत्र बसून आपल्यातला एक निवडत. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हे. मुघलांचे शिक्के वापरून ते आपले राज्य चालवत होते, एवढेच.

इंग्रजांचे मुंबईतले बूड तेव्हा नुकतेच टेकले होते. 1661 च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजाने हे बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिले आणि 1668 मध्ये राजाने ते सालाना 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातले. दलदल, ताप, थोडी नारळाची झाडे आणि एक किल्ला. सिद्द्यांचे आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन राही. इंग्रजांना ते नको असे, पण नाही म्हणायची ताकद नसे, कारण सुरतेची वखार मुघलांच्या मुठीत होती. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये खांदेरी बेटावर तट घालायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावले. त्यामुळे 1689 मध्ये जे झाले ते जुन्या शेजाऱ्यांचे भांडण होते.

निमित्त इंग्रजांनी दिले. लंडनमध्ये कंपनीचा कारभार सर जोसाया चाइल्डच्या हाती होता आणि इकडे सर जॉन चाइल्डच्या. व्यापार करून पुरे झाले, आता मुघलांशी तलवारीने बोलू, असे यांनी 1686 मध्ये ठरवले. बंगालमध्ये मार खाल्ला. पश्चिमेकडे जॉन चाइल्डने सुरतेच्या व्यापाऱ्यांची जहाजे धरली. त्यातच सिद्दीच्या फौजेसाठी चाललेले धान्याचे पडाव पकडले. याकूतखानाने ते परत मागितले आणि नाही दिले तर मुंबईवर येतो असा निरोप पाठवला. चाइल्डने निरोप उडवून लावला. दुसऱ्याचा दाणा अडवून वर मिजास दाखवणारे सेनापती इतिहासात पुष्कळ भेटतात, पण इतक्या लवकर किंमत मोजणारे थोडे.

1689 च्या सुरुवातीला, मध्यरात्री, याकूतखानाची माणसे शिवडीला उतरली. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा स्कॉटिश खलाशी त्या वेळी मुंबईतच होता, त्याने पुढे हे सारे लिहून ठेवले. तो फौजेचा आकडा 20,000 देतो. हा आकडा आम्हाला फुगवलेला वाटतो. हरणारा माणूस शत्रूची डोकी नेहमीच जास्त मोजतो. शिवडीच्या गढीतल्या इंग्रजांनी एक तोफ डागली आणि ते पळाले. माझगावचा लहान किल्ला तर इतक्या घाईने सोडला की पैशाच्या पेट्या आणि हत्यारे मागेच राहिली. याकूतखानाने माझगावलाच आपला मुक्काम केला. माहीम गेले. डोंगरीच्या टेकडीवर सिद्दीच्या तोफा चढल्या आणि इंग्रजांच्या ताब्यात किल्ला व त्याच्या दक्षिणेकडची थोडी जमीन एवढेच उरले. सव्वा वर्षाहून अधिक काळ ही स्थिती होती. पुढे ज्या शहरातून अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार झाला, त्या शहराचे मालक किल्ल्यात कोंडून बसले होते आणि बाहेर आफ्रिकन वंशाच्या एका सरदाराचा अंमल चालू होता.

शेवट रणांगणावर झाला नाही. चाइल्डने जॉर्ज वेल्डन आणि अब्राहम नवारो या दोघांना औरंगजेबाकडे पाठवले. या वकिलांचे हात बांधून त्यांना बादशहापुढे नेले आणि जमिनीवर लोटांगण घालायला लावले, असे हॅमिल्टन लिहितो. दीड लाख रुपये दंड, लुटलेल्या मालाची भरपाई आणि चाइल्डने हिंदुस्थान सोडायचे, या अटींवर माफी मिळाली. चाइल्डने हिंदुस्थान सोडला नाही, त्याआधी फेब्रुवारी 1690 मध्ये तो मुंबईतच मेला. जूनमध्ये याकूतखान निघून गेला. जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला. आज डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या वरच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. किल्ला तेथे होता असे सांगतात.

आता आपल्या वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलायला हवे. ही हकीकत सांगितली की आपल्यापैकी काहींची छाती फुगते. इंग्रजांना गुडघ्यावर आणणारा मुसलमान सरदार म्हणून याकूतखानाला डोक्यावर घ्यावेसे वाटते. दुसरीकडे शाळेच्या पुस्तकातला सिद्दी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो महाराजांच्या आरमाराचा शत्रू, जंजिऱ्याचा न हरणारा खलनायक. त्याचे नाव निघाले की वर्गातल्या मुसलमान मुलाकडे दोन-चार डोळे वळतात, हेही आपण जाणतो. यातली कोणतीच बाजू आम्हाला पत्करता येत नाही.

कारण या लढाईत धर्माची रेघ ओढायला गेलो तर ती सरळ राहत नाही. मुंबईच्या वेढ्यात वांद्र्याच्या जेझुइट पाद्र्यांनी सिद्दीला मदत केल्याचा ठपका इंग्रजांनी ठेवला आणि बेटावरच्या त्यांच्या जमिनी जप्त केल्या. ख्रिस्ती पाद्री आणि हबशी मुसलमान एका बाजूला, प्रॉटेस्टंट इंग्रज दुसऱ्या बाजूला, आणि मधे सापडलेले कोळी, भंडारी, कुणबी. कोकणातल्या मुसलमान नाखव्यांनाही समुद्रात सिद्दीची वाट चुकवता येत नव्हती. पारशांच्या परंपरेत तर सिद्दीला हटवण्याचा मान रुस्तुम दोराब या पारशी गृहस्थाला आणि त्याने जमवलेल्या कोळ्यांना दिला जातो. वेढ्यामागोमाग मुंबईत जी रोगराई आली तिने तोफांपेक्षा जास्त माणसे नेली, आणि तिने कोणाची जात विचारली नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. दंडा-राजपुरी परत घेतल्यावर सिद्द्यांनी आसपासचे किल्लेही घेतले. त्या वेळी शरण आलेल्या पुरुषांना मारले आणि बायकामुलांना गुलाम केले, हे मुघलांच्याच बाजूचा इतिहासकार खाफीखान नोंदवतो. तो सिद्द्यांची निंदा करायला बसलेला नाही, पराक्रम म्हणून सांगतो आहे. ज्यांचे बापजादे स्वतः साखळीत बांधून समुद्रापार आणले गेले, त्यांनी कोकणातल्या कुणब्याच्या पोराला साखळी घालावी, हे वाचताना मान खाली जाते. मलिक अंबरबद्दल आम्ही अभिमानाने बोलतो तेव्हा ही पानेही उघडी ठेवली पाहिजेत. सिद्दी आपले आहेत ते ते जिंकले म्हणून नव्हेत. चार शतके या मातीत राहिले, येथले पाणी प्याले, येथे पुरले गेले, आणि बरे-वाईट दोन्ही येथेच करून गेले, म्हणून आपले आहेत.

इंग्रज मात्र हा अपमान विसरले नाहीत. पण त्यांनी जंजिऱ्यावर तोफा घेऊन जायचा वेडेपणाही केला नाही. ते थांबले. 1733 मध्ये सिद्द्यांच्या घरात गादीवरून भांडण लागले. बाजीराव पेशव्यांच्या मोहिमेत रायगड सिद्दीच्या हातून गेला, तेव्हा सिद्दी मदतीसाठी इंग्रजांकडेच आला आणि आंग्र्यांविरुद्ध दोघांचा तह झाला. 1736 मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारले आणि सिद्दीचा समुद्राबाहेरचा जोर संपला. 1759 मध्ये इंग्रजांनी सुरतेच्या किल्ल्यातून सिद्दीला काढले आणि मुघल आरमाराचा हुद्दा व तनखा स्वतःकडे घेतला. ज्या हुद्द्याच्या बळावर याकूतखान शिवडीला उतरला होता, तोच हुद्दा 70 वर्षांनी कंपनीच्या खिशात गेला. 1791 मध्ये सिद्दी बाळूमियाँने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचे सचिन मिळवले. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही, पण सचिनला सिद्द्यांचे दुसरे संस्थान उभे राहिले. 1870 च्या सुमारास नवाब इब्राहिमखानाशी त्याच्याच सरदारांचे बिनसले. इंग्रजांनी मध्यस्थी केली आणि मध्यस्थीची फी म्हणून जंजिऱ्यात आपला अधिकारी कायमचा बसवला. तटाच्या एका दगडालाही धक्का न लावता किल्ला घेतला तो असा. आपल्या समाजाने यातला घरातल्या भांडणाचा भाग नीट वाचावा, असे आम्हाला फार वाटते.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. अबिसिनियाचा सम्राट तेवोद्रोस याने इंग्रजांचा वकील आणि काही पाद्री कैदेत टाकले होते. त्यांना सोडवण्यासाठी 1867 च्या अखेरीस जी फौज निघाली ती लंडनहून नव्हे, प्रामुख्याने मुंबईहून. बॉम्बे आर्मीचा सेनापती सर रॉबर्ट नेपियर, सुमारे 13,000 सैनिक, त्याहून दुप्पट बाजारबुणगे, हजारो खेचरे, उंट आणि 44 हत्ती. सैनिकांत मोठा भरणा देशी पलटणींचा होता. 13 एप्रिल 1868 रोजी मगदला किल्ला पडला. तेवोद्रोसने शरण जाण्याऐवजी स्वतःला गोळी घालून घेतली. त्याचा मुकुट आणि हस्तलिखिते लुटीत गेली आणि त्याचा लहान मुलगा अलेमायेहू विलायतेला नेला गेला, तेथेच तरुणपणी वारला. ज्या बंदरावर एके काळी हबशी वंशाच्या माणसांनी इंग्रजांना कोंडले होते, त्याच बंदरातून आपलीच माणसे इंग्रजांचा पगार घेऊन हबसाणवर चालून गेली. तेव्हा जंजिऱ्याचा नवाब आपल्या बेटावर आपल्या सरदारांशी भांडत होता.

मार्च 1948 मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे नवाब सिद्दी मुहम्मदखान. मुरूडला होड्या भरभरून लोक जंजिरा पाहायला जातात, तोफांची नावे ऐकतात आणि परततात. गावापासून थोड्या अंतरावर खोकरीला तीन घुमट आहेत, तिकडे फार थोडे जातात. सर्वात मोठा सिरुलखानाचा. त्याच्या शेजारच्या दोन घुमटांपैकी एकात सिद्दी खैरियत आहे आणि दुसऱ्यात याकूतखान. कबरीवर त्याच्या मृत्यूचे हिजरी साल अरबीत कोरलेले आहे. त्या घुमटांच्या देखभालीसाठी आणि तेथे कुराणपठण व्हावे म्हणून नवाबांनी सावली-मिठागर या गावाचे उत्पन्न लावून दिले होते.