होजिअरीचे कापड आणि घरची शिवण

होजिअरीचे कापड मागावर तयार होत नाही. त्यात उभे-आडवे धागे नसतात. एकाच धाग्याचे फासे एकमेकांत ओवत ते वाढत जाते. फासा ओढला की रुंदावतो, सोडला की मिटतो, म्हणून हे कापड अंगाबरोबर ताणले जाते. विल्यम ली याने १५८९ मध्ये इंग्लंडमधील कॅल्व्हर्टन येथे मोजे विणण्याचे यंत्र बनवले आणि हातातल्या सुयांचे हे काम यंत्रावर गेले. पुढची तीन शतके या कापडाचा मुख्य उपयोग मोजे आणि आतले कपडे यांसाठीच झाला. १९१६ मध्ये कोको शानेलने रोदिए यांच्या गिरणीचे जर्सी कापड घेऊन स्त्रियांचे बाहेर घालायचे कपडे शिवले, तेव्हा कुठे त्याला फॅशनच्या जगात मान मिळाला.

एवढे होऊनही ते घरच्या शिवणकामात आले नाही. कारण शिलाई मशीनच्या टिपेत होते. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून जी सरळ टीप पडते, तिला ताण सोसत नाही. सदरा डोक्यातून घालताना गळा ताणला जातो, कापड ताण देते, पण शिवण तटकन तुटते. शिवाय कापड दाबून धरणारा मशीनचा पाय खाली आला की कापडाची कड पसरते आणि शिवणीला लाटा पडतात. टोकदार सुई फासा तोडते आणि त्या भोकातून कापड उसवत जाते. कारखान्यांनी यावर ओव्हरलॉकचा उपाय केला होता. कड कापत कापत तिच्याभोवती दोऱ्याचे वेटोळे घालणारी ही यंत्रे अमेरिकेत कनेक्टिकटमधील मेरो कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आणली. ती कारखान्यासाठी होती. घरासाठी १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्निना कंपनीने नागमोडी टीप घालणारे यंत्र काढले. नागमोडी दोरा ताणल्यावर सरळ होतो आणि तुटत नाही. पण बहुतेक घरांत आजीच्या वेळचे सरळ टिपेचेच मशीन होते, आणि ते उत्तम चालू असताना नवे घेण्याचे कारण नव्हते.

१९६० च्या दशकात पॉलिस्टरच्या दुहेरी विणीच्या कापडाची लाट आली. ते चुरगळत नव्हते, त्याला इस्त्री लागत नव्हती, आणि अमेरिकेतील दुकानांत ते वारावर मिळू लागले. आता घरी शिवणाऱ्या बायकांना ते हवे होते आणि कसे शिवायचे हे सांगणारे फारसे कोणी नव्हते. ही उणीव ऑरिगन राज्यातील अ‍ॅन पर्सन या शिवणशिक्षिकेने भरून काढली. तिने युजीन शहरात ‘स्ट्रेच अँड सू’ हा व्यवसाय उभा केला. तिची युक्ती साधी होती: सरळ टीपच घालायची, पण शिवताना कापड पायाच्या पुढून आणि मागून दोन्ही हातांनी थोडे ताणून धरायचे. कापड सोडल्यावर शिवण आखडते आणि दोऱ्यात पुढच्या ताणापुरता सैलपणा शिल्लक राहतो. या शोधाचे मोल मोठे आहे, कारण तो यंत्रात नव्हता, हातात होता. जुन्या मशीनवर बसलेल्या कोणत्याही बाईला तो एका दुपारात शिकता येत होता. १९७० च्या दशकात या नावाची दुकाने अमेरिकाभर पसरली. तिथे कापड, कागदी नमुने आणि वर्ग एकाच छताखाली मिळत. याच सुमारास मिनियापोलिस येथे स्वीडनहून आलेल्या केर्स्टिन मार्टेन्सन हिने ‘क्विक सू’ हे नमुने काढले. त्यांत एकाच कागदावर अनेक मापे छापलेली असत.

सगळ्यात कसोटीची जागा गळ्याची. गळपट्टी उभ्या रेघांच्या लवचीक विणीच्या कापडाची, गळ्याच्या घेरापेक्षा आखूड कापतात. तिचे आणि घेराचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावतात आणि फक्त पट्टी ताणत शिवतात. ताण सुटला की पट्टी आत ओढली जाते आणि गळा अंगाला चिकटून बसतो. सुईही बदलली. गोल टोकाची सुई फासा न भोसकता त्याला बाजूला सारते. पुढे जपानमधून आलेली छोटी घरगुती ओव्हरलॉक यंत्रे १९८० च्या दशकात सर्रास झाली.

त्या काळापर्यंत तयार टी-शर्ट इतके स्वस्त झाले होते की ते शिवण्यात बचत उरली नाही. मग घरचे हात सजावटीकडे वळले: इस्त्रीने चिकटवलेली कापडी चित्रे, फुगणारे रंग, खडे, मणी. यांतले बरेचसे कापडाच्या स्वभावाविरुद्ध जाणारे होते. कडक रंगाचा थर ताणात तडकतो, चिकटवलेल्या चित्राखाली कापड गोळा होते.

कापडाच्या स्वभावाला धरून सजवायचे कसे, या प्रश्नाला खरे उत्तर अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्स गावातून मिळाले. तिथे टी-शर्टचे मोठे कारखाने होते. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराचा करार लागू झाल्यावर काम परदेशी गेले आणि कारखाने बंद पडत गेले. याच गावच्या नॅटली चॅनिन हिने २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जुने टी-शर्ट कापून हाताने पुन्हा शिवले. तिला हवा होता तो टाका गावाकडच्या बायकांच्या रजयांवरचा, म्हणजे गोधडीवर चालतो तोच धावदोरा. ती गावी परतली आणि तिथल्या बायकांकडून शिवून घेऊ लागली.

तिच्या कामात सजावट आणि शिवण एकच आहेत. जर्सीचे दोन थर एकमेकांवर ठेवून छापाने नक्षी रंगवतात, नक्षीच्या कडेने धावदोरा घालतात, आणि टाक्यांच्या आतल्या भागातला वरचा थर कात्रीने कापून खालचा रंग उघडा करतात. होजिअरीची कापलेली कड सुटत नाही, नुसती वळते, म्हणून ती दुमडावी लागत नाही. जाड सुती दोरा दुहेरी घेतात आणि शिवण्याआधी बोटांनी वारंवार निपटून त्याचा पीळ शांत करतात, नाहीतर गाठी पडतात. गळ्याला मात्र धावदोरा पुरत नाही. तिथे आडवे-तिरके जाणारे टाके लागतात.

हे तयार कपडे महाग होते. सामान्य खिशाला न परवडणाऱ्या या वस्तूंचे नमुने आणि छाप चॅनिनने ‘अलाबामा स्टिच बुक’ (२००८) आणि त्यानंतरच्या पुस्तकांतून स्वतः खुले केले. कापून, छापून तयार केलेल्या कापडाचे संचही विकले जाऊ लागले, ते घरी नेऊन कोणीही शिवावेत यासाठी.