बंगळुरूतील मेंदूचे संग्रहालय

मानवी मेंदूची आकृती पाठ्यपुस्तकात प्रत्येक विद्यार्थ्याने काढलेली असते. प्रत्यक्ष मेंदू पाहण्याची संधी मात्र विरळाच. बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था म्हणजेच 'निम्हान्स' येथील संग्रहालयात ती मिळते. मज्जाविकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात शेकडो मेंदू जतन केलेले असून, अभ्यागतांना त्यांपैकी एखादा हाताळताही येतो.

हातात आलेला मेंदू घट्ट लागतो, तो फॉर्मलिनमुळे. या द्रावणाने ऊतींमधील प्रथिने परस्परांशी जखडली जातात. जिवंत मेंदू मात्र लोण्यासारखा मऊ असतो. त्याचे वजन सुमारे 1400 ग्रॅम; परंतु मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगत असल्याने त्याचा प्रत्यक्ष भार पन्नास ग्रॅमच्या आसपासच जाणवतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अवघा 2 टक्के, तर प्राणवायूच्या वापरात सुमारे 20 टक्के आहे. म्हणूनच रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाला तरी चेतापेशी मरू लागतात. पक्षाघातात नेमके हेच घडते.

डोक्यावर आघात झाल्यास हाच तरंगणारा मेंदू कवटीच्या आतील बाजूवर आदळतो. कित्येकदा मार मागून बसतो आणि रक्तस्राव मात्र पुढील भागात आढळतो. हेल्मेट कवटीचे रक्षण करते, एवढेच नव्हे, तर आदळण्याचा वेगही कमी करते.

फीतकृमीच्या अळ्यांनी मेंदूत होणारी गाठ हा भारतातील अपस्माराच्या प्रमुख कारणांपैकी एक होय. हा रोग केवळ डुकराचे मांस खाणाऱ्यांना होतो, हा समज चुकीचा आहे. कच्चे मांस खाल्ल्याने कृमी आतड्यात वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने. बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून ती माती, पाणी व भाजीपाल्यावर येतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होऊ शकतो, आणि हात व भाजी स्वच्छ धुण्याचा संबंध थेट मेंदूशी पोहोचतो.

निम्हान्समध्ये संशोधनासाठी मानवी मेंदूच्या ऊतींची पेढीही आहे. मेंदूचे प्रत्यारोपण होत नाही. तथापि कंपवात, स्मृतिभ्रंश यांसारख्या विकारांच्या अभ्यासासाठी दान केलेला मेंदू अमोल ठरतो. मृत्यूनंतर काही तासांतच तो काढून घ्यावा लागत असल्याने नातेवाईकांची संमती वेळेत मिळणे आवश्यक असते. ज्याने हयातीतच आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवली आहे, त्याच्या बाबतीत हा निर्णय सोपा होतो.